पंच्याऐंशीची लेन्स आणि पाटणकरांचे दोन फूट

मला राग आला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण माझा राग ऐकून कुणाला कळत नाही. आवाज जन्मापासूनच बारीक. भाजीवालीला "मेथी नको" म्हटलं की ती दोन जुड्या पिशवीत टाकून मोकळी होते. पाचवीत तर मी पहिल्या बाकावर बसून वर्षभर गैरहजर होते, कारण माझी "हजर" बाईंपर्यंत पोचायचीच नाही. त्यात माझा नेम. रोज पहाटे वंदना, त्रिशरण, पंचशील, आणि त्यावर माझा स्वतःचा एक: आजच्या दिवसात कुणाला कठोर बोलायचं नाही. एकवीस वर्षं हा नेम मोडलेला नव्हता. लोक त्याचं श्रेय माझ्या शांत स्वभावाला देतात. थोडं आवाजालाही द्यायला हवं. कठोर बोलले असते तरी ऐकू कुणाला गेलं असतं?

तर राग. त्याची सुरुवात एका पत्रानं झाली.

खडकीच्या आमच्या विहाराला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून समितीनं ठरवलं, की विहार बांधताना ज्यांनी श्रमदान केलं त्या एकोणतीस जणांचे फोटो दर्शनी भिंतीवर लावायचे. माझ्या सासूबाई, कांताबाई, त्या एकोणतिसांतल्या. कामावरून सुटलं की रात्र पडेपर्यंत विटा वाहायच्या, असं आठ महिने. पत्र चांगलं होतं. जय भीम, आदरणीय वगैरे सगळं यथासांग. पण खाली बारीक अक्षरात टीप होती: "शनिवारी रात्री आठपर्यंत फोटो न मिळाल्यास त्या जागी कमळाचे चित्र छापण्यात येईल."

आईंनी भिंगातून ती टीप दोनदा वाचली.

"एकोणतिसात बाया तिघी," त्या म्हणाल्या. "दोघी गेल्या. त्यांचा कुणी कधी फोटोच काढला न्हाई. म्हंजी त्यांची दोन कमळं ठरलेलीच हायत. आता मी काय, तिसरं कमळ?"

"आई, आधारकार्डावरचा देऊ," आमचे हे म्हणाले. ह्यांचं नाव दशरथ. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक प्रश्नाला ह्यांच्याकडे पहिल्या मिनिटाला उत्तर असतं.

आईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे बाबासाहेबांच्या शेजारी सासऱ्यांचा फोटो आहे. ते गेले तेव्हा घाईत कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला होता. पंधरा वर्षं झाली, सासरे खांद्यावर अर्धा गोल शिक्का घेऊन आमच्याकडे बघताहेत.

"माझं तसं करायचं न्हाई," आई म्हणाल्या. "आणि हात दिसले पायजेत. विटा हातानं वाह्यल्या, नाकानं न्हाई."

नाकाचा उल्लेख उगाच नव्हता. आदल्या रविवारी समितीचा चेतन स्वतः धायरीला आमच्या घरी येऊन मोबाईलवर आईंचा फोटो काढून गेला होता. चेतन कामसू आहे, पण त्याचा हात आखूड आहे. आईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फोन धरून त्यानं टिचकी मारली आणि "एक नंबर" म्हणून त्यांना दाखवला. आईंनी बराच वेळ बघितलं.

"हे कोण रं? नाकामागं कोण बसलंय?"

चेतनला वाटलं म्हातारीला आवडला. मी म्हटलं, "चेतन, हा नको." तो म्हणाला, "थँक्यू ताई," आणि गेला.

पत्रातली ती टीप वाचताना मला ते नाक आठवलं आणि राग आला. ज्या बाईनं विटा वाहिल्या तिला भिंतीवर जागा मिळणार ती एक तर नाक म्हणून, नाही तर कमळ म्हणून. मी ठरवलं, फोटो मी काढीन.

मुलगा सौरभ बंगळूरला जाताना त्याचा कॅमेरा कपाटात ठेवून गेला होता. काढून बघितला, तर प्रत्येक फोटोत धुकं. धायरीत महाबळेश्वर. फोनवर सौरभ म्हणाला, "आई, लेन्सला फंगस आलं असेल. एक दिवसासाठी भाड्यानं घे ना. पोर्ट्रेटला शॉर्ट टेली बेस्ट, लांबून जवळ आणणारी. एटी फाइव्ह एमएम." मी ते वंदनेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

इथे माझी चूक झाली. मी ते जिन्यात ह्यांना वाचून दाखवलं. आमच्या समोरच्या दाराला आतून कान आहेत. दार लगेच उघडलं.

समोर अनिरुद्ध पाटणकर राहतात. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आधी बँकेत होते, आणि अजूनही समोरच्याच्या सहीत काहीतरी चूक असणार अशा नजरेनं माणसाकडे बघतात. त्यांच्या दाराच्या बाजूला, जिन्यात, त्यांचं चपलांचं कपाट उभं आहे. पाच खणी. ह्या कपाटाकडे पुन्हा यायचंच आहे.

"पोर्ट्रेटला पन्नास," पाटणकर म्हणाले. "पंच्याऐंशी वगैरे सगळा दिखाऊपणा. मी कॉलेजात असताना न्हाणीघरात फोटो धुतलेत."

"पण सौरभ म्हणतो..."

"सौरभ काय करतो?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग बरोबर." आणि पुढची चाळीस मिनिटं ते पन्नास ह्या आकड्यावर बोलले. मी हातात दुधाची पिशवी घेऊन उभी होते. दूध फाटलं. मधूनमधून मी "मला जायचंय" म्हणत होते, आणि दर वेळी ते "बरोबर, तेच सांगतोय" म्हणत होते.

ह्यांचा सल्ला वेगळा. "भाडं तेवढंच असेल तर एकशे पस्तीसची घे. आकडा मोठा आहे." चेतनचं म्हणणं असं की त्याच्या मेव्हण्याकडे सत्तर-दोनशे आहे, लग्नात स्टेजवरचा माणूस मांडवाबाहेरून घेते. ती मागायला मेव्हण्याला फोन केला, तर लेन्स नाशिकला गेलेली. आईंचा सल्ला सगळ्यांत आखूड: "पंच्याऐंशी घे. माझ्याहून तीनच जास्त हाय."

शुक्रवारी संध्याकाळी मी कॅम्पात परवीनबाईंकडे गेले. त्यांच्या वडिलांचा स्टुडिओ होता. आता त्या तिथे कॅमेरे-लेन्सा भाड्यानं देतात. काउंटरमागे चष्मा नाकावर ओढून बसल्या होत्या. माझ्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स त्यांनी दिव्यासमोर धरली.

"ह्याच्यात भाजी होईल आता. मशरूमची." मग वर बघून म्हणाल्या, "काय काढायचंय?"

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत माझं बोलणं पहिल्याच खेपेला ऐकू गेलेलं हे दुसरं माणूस. पहिल्या आई.

चेतनचा नाकवाला फोटो मी मोबाईलवर दाखवला. परवीनबाईंनी चष्मा वर केला. "फोनचा दोष नाही. एवढ्या जवळून नाक पुढे असतं आणि कान मागे. नाक वाढतं, कान पळून जातात. मागे सरका. नाक-कान सगळे सारख्याच लांब झाले की माणूस माणसासारखा दिसतो. पण मागे गेलं की तो लहान दिसणार. मग लांबूनच त्याला मोठा करायला ही लेन्स. काम अंतर करतं, नाव लेन्सचं होतं."

एवढी सरळ गोष्ट मला आठवडाभर कुणी सांगितली नव्हती.

"कुठपर्यंत हवा?"

"कमरेपर्यंत. हात दिसायला हवेत."

"मग ह्या कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीला चौदा फूट मागे जावं लागेल. पन्नासला आठ-नऊ. खोली केवढी आहे?"

"हॉल सोळा फूट आहे."

"मोजलाय?"

"करारनाम्यात लिहिलंय."

परवीनबाईंनी चष्मा सारखा केला. "करारनाम्यात," त्या म्हणाल्या. मग दोन्ही लेन्सा काउंटरवर ठेवल्या. "पन्नास न्या. घरात ती सोपी."

मी पंच्याऐंशी घेतली. का, ते लिहायलाच हवं, खोटं न बोलण्याचं शील आहे माझं. मला ती काच आवडली होती, मोठी, काळीभोर, तळ्यासारखी. आईंना तो आकडा आवडला होता. आणि खरं कारण असं, की पाटणकरांनी पन्नास सांगितलं होतं.

"उद्या सातच्या आत परत," परवीनबाई म्हणाल्या. "रविवारी तिला लग्न आहे."

शनिवारी पौर्णिमा होती. पौर्णिमेला मी उपोसथ करते, म्हणजे आठ शीलं, आणि दुपारी बारानंतर अन्न नाही. म्हटलं, साडेअकराला जेवू, चारला हॉलच्या बाजूच्या खिडकीतून छान उजेड येतो तेव्हा फोटो काढू, सातला कॅम्प, आठला खडकी. कागदावर दिवस इतका सरळ होता की शंका यायला हवी होती.

सकाळी आईंची खुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे मांडली, मी उलट्या पावलांनी मागे जात गेले आणि दाराला आपटले. फोटोत आई छातीपर्यंत. ह्यांनी मोजायची टेप आणली. हॉल अकरा फूट.

"पुन्हा मोजा," मी म्हटलं.

पुन्हा अकरा. आम्ही करारनामा काढला. सोळा. बिल्डरनं त्यात बाल्कनी धरली होती, भिंतीची जाडी धरली होती, आणि तरीही दीड फुटाचा हिशेब लागेना. ते बहुधा खिडकीबाहेरचं आभाळ असावं. सात वर्षं आम्ही सोळा फुटांच्या हॉलमध्ये अकरा फुटांत राहत होतो आणि मी परवीनबाईंना अत्यंत शांतपणे खोटं बोलून आले होते. शील माझं मोडलं, खोटं त्या बिल्डरचं. ह्याचा राग मला अजून आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

परवीनबाईंना फोन केला. "पन्नास सकाळीच गेली," त्या म्हणाल्या. "एकच होती." आणि वर, "करारनाम्यात ना?"

आता काय काय करून बघितलं ते थोडक्यात. स्वयंपाकघरातून तिरकं काढलं, तर आईंच्या मांडीवर फ्रीजचं दार. आईंना बाल्कनीत बसवलं, तर पाठीमागून ऊन येऊन त्या काळ्या. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि लिफ्टवर "बंद आहे, चौकशी करू नये" अशी चिठ्ठी, तीही त्यांच्याच अक्षरात. ब्याऐंशीव्या वर्षी तीन मजल्यांचे जिने गुडघ्यांना झेपत नाहीत. ह्यांनी सुचवलं, खुर्ची जिन्यात काढू. आई म्हणाल्या, "चपलांच्या कपाटासमोर? विहारात? जा."

मग एकच रस्ता राहिला. आई आत खुर्चीवर, दार उघडं, आणि मी बाहेर जिन्यात. दारापासून आईंचा चेहरा आठ फूट, जिन्याची जागा चार फूट. बारा झाले. पुढचे दोन फूट पाटणकरांच्या घरात होते.

"त्यात काय," हे म्हणाले. "उभी राहा, काढ, ये आत. कोण विचारतंय?"

पण जिना सगळ्यांचा आहे. न दिलेलं घ्यायचं नाही हे माझं दुसरं शील, आणि तेही पौर्णिमेच्या दिवशी. मी विचारायला गेले. ही माझ्या जन्मातली सर्वांत महागडी नम्रता.

पाटणकरांनी मला दारातच उभं केलं आणि आतून एक कागद आणला. नमुना क्रमांक सात: सामाईक जागेत चित्रीकरण. मागे एकदा कुणा मालिकेवाल्यांनी विचारलं होतं, ते आले नाहीत, नमुना राहिला. मी भरायला घेतला. चित्रपट, मालिका की जाहिरात? दिग्दर्शकाचे नाव? मी माझं लिहिलं. कलाकारांची संख्या? एक. प्राणी असल्यास जात व संख्या? नाही. जनरेटर लागणार का?

"नाही," मी म्हटलं.

"किती केव्हीचा?"

"लागणार नाही."

"तो आकडा लिहा."

मी मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलं. अर्ज त्यांनी दोनदा वाचला, 'जिना' ह्या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, "उद्याच्या मीटिंगमध्ये ठेवतो."

"फोटो आजच द्यायचाय हो. नाही तर आईंच्या जागी कमळ लागेल."

"कमळ चांगलं दिसतं," पाटणकर म्हणाले. "नियम माझ्या घरचे नाहीत, कल्याणीताई. आज तुम्ही कॅमेरा लावाल, उद्या तिसरा गाडा लावेल. प्रत्येकाच्या दाराबाहेर त्याचं पायपुसणं, तेवढी जागा त्याची. बाकी सोसायटीची. आणि लेन्स कुठली आणलीत?"

मी सांगितलं.

"पन्नास आणली असतीत तर घरातच झालं असतं," ते म्हणाले, आणि दार लावलं.

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांचं खरं असणं मला सहन झालं नाही. मी घरी आले तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. ताट वाढलेलं होतं, वांग्याची भाजी होती. मी ताट झाकून ठेवलं. चार मिनिटांचं वांगंसुद्धा पाटणकरांच्या खात्यावर.

भुकेल्या पोटी माणसाला कायदा सुचतो. साडेतीनच्या सुमाराला मला त्यांचं वाक्य आठवलं: पायपुसणं तेवढी जागा त्याची. आमचं पायपुसणं काही फरशीला चिकटवलेलं नव्हतं. मी ते उचललं, जिन्यातून पलीकडे नेलं, बरोबर पाटणकरांच्या बंद दाराला टेकवून ठेवलं आणि त्यावर उभी राहिले. पाठ त्यांच्या दाराला. मी माझ्या जागेत होते. ह्यात शील कुठे मोडतं हे कुणी दाखवून द्यावं.

आत आई तयार होत्या. पांढरी साडी, निळा काठ, हात मांडीवर. खिडकीतून चारचा उजेड त्यांच्या गालावर आला होता. आमचे हे त्यांच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभे होते. सावलीतली बाजू उजळावी म्हणून तसं करायचं, हे परवीनबाईंनी सांगितलेलं. मी डोळा लावला. आणि खरं सांगते, राग क्षणभर गेला. काचेत आईंचा चेहरा होता. नाक नाकाएवढं. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, सगळं आपापल्या जागी, आणि मागची भिंत दुधासारखी मऊ. सव्वीस वर्षं मी ह्या बाईच्या समोर बसून जेवते आहे. एवढी नीट मी तिला कधी बघितली नव्हती.

पण हात नव्हते. मनगटांपाशी चौकट संपत होती.

"हात आले का गं?" आतून आई.

"नाही आले."

"आले म्हणती," हे आईंना म्हणाले.

"न्हाई म्हणली ती," आई म्हणाल्या. "तोंड बघ तिचं. चिडलीय."

अजून दोन फूट. खिडकीतला उजेड समोरच्या इमारतीच्या टाकीमागे चालला होता, फार तर दहा मिनिटं. मी पाठ दारात रुतवून उभी होते, जसं काही दार थोडं मऊ होईल.

पाटणकर मघापासून आतून दाराच्या भोकातून बघत असणार. त्यांना दिसत काय होतं? माझा अंबाडा. शेवटी न राहवून त्यांनी दार उघडलं. दार आत उघडणारं. मी सगळा भार त्याच्यावर टाकून उभी. मी कॅमेऱ्यासकट उलट्या पावलांनी त्यांच्या घरात गेले, एक पाऊल, दोन पावलं, आणि त्यांच्या छत्रीच्या स्टँडला टेकून थांबले. डोळा काचेवरच होता. काचेत आधी मनगटं आली, मग बोटं, मग दोन्ही हात, बांगड्यांसकट.

बरोबर चौदा फूट.

"अहो, हे आमचं घर आहे," मागून पाटणकर. "अर्ज मंजूर नसताना तुम्ही थेट आत? आणि चपला? चपला बाहेर, कपाटाशेजारी काढायची पद्धत आहे."

कपाटाशेजारी.

एकवीस वर्षं. मी वळलेसुद्धा नाही. कॅमेरा तसाच डोळ्याला, बोट बटणावर, आणि माझ्या आतून एक आवाज निघाला, जो मी कधी ऐकलेला नव्हता.

"अहो पाटणकर, ते तुमचं चपलांचं कपाट सहा वर्षं जिन्यात उभं आहे. त्यानं कुठला नमुना भरला होता? दिग्दर्शक कोण लिहिला होता? कलाकार किती? पाच खण, म्हणजे वीस जोडे, त्यांची एकेकाची परवानगी घेतली होती? आणि तुमचं पायपुसणं पाच खणी आहे का? ही बाई विटा वाहून पन्नास वर्षं भिंतीची वाट बघते आहे, आणि तुम्ही मला विचारता, जनरेटर किती केव्हीचा?"

वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं थांबलं. ह्यांच्या हातातून थर्माकोल पडला. आणि चौदा फुटांवर, काचेत, कांताबाई हसल्या. आधी डोळे मोठे झाले, मग सगळा चेहरा उघडला, उरलेल्या तीन दातांसकट, आणि दोन्ही हात उचलून त्यांनी गुडघ्यांवर मारले.

पुढे मी अजून काय काय बोलले ते मला आठवत नाही. कॅमेऱ्याला आठवतं. बोट बटणावरून उचललंच नव्हतं, त्रेसष्ट फोटो निघाले होते.

मग उजेड गेला. मी चपला हातात घेतल्या, पायपुसणं उचललं आणि घरी आले. पाटणकर दारात तसेच उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं बोलणं पहिल्या फटक्यात ऐकू गेलं होतं.

कॅम्पात सातला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. परवीनबाईंनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्रेसष्टही फोटो बघितले आणि एकेचाळिसाव्यावर थांबल्या. "हा. चौदा फूट?"

"चौदा."

"म्हणजे करारनामा खरा निघाला."

"बारा आमचे," मी म्हटलं. "दोन शेजाऱ्याचे."

खडकीला आठला दोन मिनिटं असताना चेतन कुलूप लावायच्या बेतात होता. त्यानं फोटो बघितला आणि डोकं खाजवलं. "ताई, बाकी सगळे गंभीर आहेत हो. हसरा जरा वेगळा पडेल. त्यापेक्षा कमळ..." मी काही बोलले नाही. घसा पार बसला होता. नुसती बघत राहिले. चेतन दोन पावलं मागे सरला. "बरं बरं. हसराच लावतो. रागावू नका." माझं गप्प राहणं कुणाला राग वाटायची ही पहिलीच वेळ, आणि तो बरोबर होता.

रविवारी पहाटे वंदनेला बसले, पण शब्द उमटेना. एक तर घसा बसलेला, दुसरं म्हणजे कुठल्या तोंडानं म्हणणार? शीलं म्हणून झाली, नेमाशी येऊन थांबले. एकवीस वर्षं एका झटक्यात, तेही चपलांच्या कपाटासाठी. शेजारी आई डोळे मिटून बसल्या होत्या.

"अडकलीस व्हय?"

"मोडला ना काल."

"कठोर काय बोललीस? कपाटाला इचारलंस, अर्ज भरला का. खरंच इचारलंस. मोठ्यांदा इचारलंस, एवढंच." एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सव्वीस वर्षं मी एकटीच तुझं ऐकती. दमले आता. दुसऱ्यांनाबी ऐकू दे थोडं."

मी नेम पुन्हा घेतला, पहिल्या दिवसापासून.

सोमवारी दारात पत्र पडलं होतं. सोसायटीच्या शिक्क्यासह, नमुना सातला जोडून. "जिन्यातील चित्रीकरणास परवानगी देण्यात येत आहे. अट: चित्रीकरणादरम्यान कोणत्याही प्रकारचा आवाज होऊ नये." बाहेर डोकावले. चपलांचं कपाट जिन्यात नव्हतं. त्या जागी फरशीवर एक लांबट, स्वच्छ, पिवळसर चौकोन होता, सोसायटीला सहा वर्षांनी परत मिळालेला. तो मोजला. दीड फूट.

पुढच्या रविवारी विहारात भिंतीवरचा पडदा सरकला. एकोणतीस चौकटी. सव्वीस पुरुष, सगळे ओळखपत्रावरचे, तिघांच्या खांद्यावर शिक्के. दोन कमळं. आणि मधल्या ओळीत कांताबाई, गुडघ्यांवर हात मारून हसताना. दोन्ही हात जरा हललेले, पण दिसत होते. आई काठी टेकून त्या कमळांसमोर आधी उभ्या राहिल्या, दोन्ही नावं पुटपुटल्या, मग स्वतःसमोर आल्या. बराच वेळ बघितलं.

"हीच," त्या म्हणाल्या.

भोवती गर्दी जमली. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं. "काय मस्त आलाय. ताई, कुठला मोबाईल?" आठवडाभर सल्ले, फाटलेलं दूध, झाकलेलं वांगं, आणि शेवटी कुठला मोबाईल. चेतन तर सांगूनही मोकळा झाला होता की बहुतेक नवीन आयफोन असेल. मी म्हटलं, "मोबाईल नाही हो." "अच्छा, आयफोनच का?" एक जण म्हणाला.

आईंनी काठीनं माझ्या पायाला टोचलं. "मोठ्यांदा सांग."

मी घसा साफ केला आणि सांगितलं, कठोर एक शब्दही न वापरता, पण शेवटच्या ओळीतल्या चपला सांभाळणाऱ्यापर्यंत जाईल इतक्या आवाजात:

"पंच्याऐंशीची लेन्स. चौदा फुटांवरून."

सगळा विहार वळून बघायला लागला. भिंतीवरचे सव्वीस जण गंभीरच राहिले. कांताबाई मात्र हसत होत्या, वरही आणि खालीही.